दिवस ४, चौकोन ३१२

कुसुमताई, माझ्या ड्रेसिंगरूमच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ते चौदा महिने पाळलंत. तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले, आणि तुम्ही साखरेने गेलात की माझं ऐकलंत म्हणून गेलात, हे मला ठरवता येत नाही. पंचवीस वर्षं मी जखमा धुते आहे. कुठली जखम कशाने चिघळली ते बघितल्याबरोबर सांगते. तुमच्या बाबतीत सांगता येत नाही.

इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. मला बोलायला लावलं. मी तीन मिनिटं बोलले: तुमची औषधी वनस्पतींची बाग, तुमचा चोख स्वभाव, संक्रांतीला तुम्ही वाटायच्या ती कोरफडीची रोपं. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच मला सांगायचं नव्हतं. दाराशी दोन अनोळखी माणसं उभी होती. हॉल कोणी भाड्याने घ्यायला आलं असेल, कोण जाणे. पण हल्ली दाराशी दोन माणसं उभी असली की मी तोंडातलं वाक्य बदलते. म्हणून राहिलेलं इथे लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे आणि छापायला पुण्याला पाठवते आहे, तेव्हा या शहरात ते कोणी वाचेल असं वाटत नाही. तरीही कोणाचं आडनाव लिहीत नाही, रुग्णालयाचंही नाव लिहीत नाही. तुम्ही हसला असतात. हसा.

आपली ओळख भांडणातून झाली. तुमच्या संशोधन केंद्राच्या बागेतला माळी हरिराम अंगठा कापून घेऊन माझ्याकडे आला होता. पट्टी सोडली तर आत हिरवा चोथा. मी तो धुऊन काढला, हरिरामला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि ज्या कोणी हे लावलंय त्याला माझ्याकडे पाठव म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, नखांत माती. तुम्ही तोंड उघडायच्या आत मी हिंदीतून सुरू झाले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मराठीत म्हणालात, “झालं? आता माझा दगडी पाला कुठं टाकलास ते सांग.”

हिंदीतल्या माझ्या उच्चारांवरून तुम्ही मला मराठी म्हणून ओळखलंत, हे नंतर कळलं. आमच्या वर्ध्याकडे दगडी पाल्याला कंबरमोडी म्हणतात. लांब दांडीवर एकटंच फूल, मध्ये पिवळं. शाळेत गुडघा फुटला की कुंपणाशी जायचं, पाला हातावर चोळायचा आणि रस पिळायचा. झोंबायचं, रक्त थांबायचं. ते सगळं मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षी सोडून दिलं होतं. मातीत काय काय असतं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर माणूस सोडून देतो. तुम्ही ते पाहूनही सोडलं नव्हतं. तुमच्या बागेत मला नेऊन पाला कसा तीनदा उकळून गार केलेल्या पाण्यात धुता, दगडी खलात वाटता आणि मलमलीतून नुसता रस घेता, ते दाखवलंत. हरिरामने चोथा स्वतःच वर थापला होता. त्याला वाटलं, जास्त लावलं की जास्त बरं होतं.

तुमचं काम उंदरांवर होतं. उंदराच्या पाठीवर ठरावीक मापाची जखम करायची, वेगवेगळ्या पाल्यांचे अर्क लावायचे आणि रोज पाहायचं किती भरली. पाहायचं कसं, तर जखमेवर बटर पेपर धरून पेनने कडा उतरवून घ्यायची, मग तो कागद आलेखाच्या कागदावर ठेवून आतले चौकोन मोजायचे. चौकोन कमी झाले की जखम भरते आहे. मी म्हटलं, उंदराची कातडी सैल, ती आपोआप ओढली जाते, पाला लावा नाहीतर थुंकी लावा. तुम्ही म्हणालात, खरं आहे. मला वाटलं होतं तुम्ही चिडाल. तुम्ही म्हणालात, “म्हणून तर मी माणसांची पण उतरवते.”

आणि खरंच उतरवत होता. बागेतले माळी, सायकलवरून पडलेली मुलं, चुलीवर हात भाजलेल्या बाया, ज्याला ज्याला रस लावला त्याची कडा बटर पेपरवर. नाव नाही, फक्त कितवा दिवस आणि किती चौकोन, तेही मराठी आकड्यांत. तुमच्या टेबलाच्या खणात गठ्ठाच होता.

भांडून भांडून आपण एक नियम केला. ताजी, वरवरची, स्वच्छ जखम तुमची. खोल, जुनी, चावलेली, पायाची आणि साखर असलेल्या माणसाची जखम माझी. तुम्हाला स्वतःला साखर होती, म्हणून शेवटचं कलम मी दोनदा म्हणवून घेतलं. माझ्याकडे माणूस पाठवताना तुम्ही त्याच्या खिशात त्या दिवसाचा कागद घालायचा, म्हणजे मला कळावं किती भरली होती; मी तो बघून त्याच्याबरोबरच परत पाठवायचे. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. तुमच्या हातच्या जखमा माझ्याकडे यायच्या त्या कडेने स्वच्छ, गुलाबी असायच्या. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही.

तोवर दहशतवादाचे वाईट दिवस आले होते. बसमध्ये सीटखाली बेवारस डबा दिसला की सगळी बस उतरायची. स्कूटरवर दोघं जण हळू जाताना दिसले की मी भिंतीकडे सरकायचे. मोटार थांबली की आधी नंबरप्लेट बघायची. वर्तमानपत्रात रोज मेलेल्यांचा आकडा असायचा आणि तो वाचून आपण चहा प्यायचो. माझी मुलगी म्हणायची, “मम्मी, आप बहुत डरती हो.” ती इथेच जन्मली. हे शहर किती सरळ, किती मोकळं होतं ते तिला ठाऊक नाही. वॉर्डात खेड्यांतून माणसं यायची, जखम दाखवायची आणि एक गोष्ट सांगायची: म्हशीने मारलं, गच्चीवरून पडलो. आम्ही गोष्ट नोंदवहीत उतरवून घ्यायचो. विचारायचं नाही, हे कोणी शिकवलं नव्हतं. सगळ्यांनाच आलं.

तो गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातला बुधवार होता. त्या आठवड्यात शहरात गोळीबार झाला होता आणि रुग्णालयाच्या फाटकात प्रत्येकाचे खिसे उलटे करून पाहत होते. सकाळी अकराच्या सुमारास एक हवालदार चाळिशीच्या एका माणसाला घेऊन माझ्या खोलीत आला. माणसाचा कुडता धुतलेला, दंडाला पट्टी. हवालदार पन्नाशीचा, नम्र. मला ओरडणाऱ्या पोलिसांपेक्षा नम्र पोलिसांची भीती वाटते.

त्याने माझ्यासमोर बटर पेपर धरला. “सिस्टर जी, यह आदमी कहता है उसे आपके पास भेजा गया है. यह नक्शा किस जगह का है?”

कागदावर एक आकृती होती, तळ्यासारखी, एका बाजूने निमुळती. इथल्या सुखना तलावाचा नकाशा म्हणून कोणालाही पटला असता. आणि खाली तुमचं टपोरं अक्षर: दिवस ४, चौकोन ३१२.

“चौथे दिन क्या होने वाला है?” त्याने विचारलं.

मला पहिल्यांदा काय सुचलं ते सांगते. सुचलं की म्हणावं, मला माहीत नाही, मी हा कागद कधी पाहिला नाही. तो माणूस गेला असता ठाण्यात. दुपारपर्यंत त्याने सांगितलं असतं कोणी पट्टी बांधली. संध्याकाळी ते तुमच्या बागेत आले असते आणि त्या खणात त्यांना तसले दोनशे नकाशे सापडले असते. हे सगळं मला एका श्वासात दिसलं. मी धाडसी नाही, ताई. मी हिशेब केला. त्या दोनशे कागदांतले निम्मे माझ्याकडे येऊन गेले होते.

मी म्हटलं, “नक्शा नहीं है. घाव का नाप है. हमारे यहाँ का ही है.”

पट्टी सोडली आणि कागद दंडावर धरला. बरोबर बसला. हवालदार वाकून पाहत होता. जखमेच्या कडेला हिरवट डाग होता. हे हिरवं काय, त्याने विचारलं. औषध, मी म्हटलं.

“फिर तो आप सबका नाप लेती होंगी.”

“सबका.”

“दिखाइए.”

माझ्याकडे एकही कागद नव्हता. मी म्हटलं, कागद डॉक्टरांच्या घरी असतात, डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारी परत येतील. तो म्हणाला, सोमवारी येतो. तुमचा कागद घडी करून त्याने डायरीत ठेवला, डायरी खिशात ठेवली, आणि त्या माणसाला माझ्याकडे सोडून गेला. मागायची माझी छाती झाली नाही.

मी त्या माणसाची जखम धुतली. वरून छान भरत होती, आत खोल खिसा होता, म्हणून तुम्ही त्याला नियमाप्रमाणे माझ्याकडे पाठवलं होतं. चारा कापायच्या यंत्रात हात गेला असं तो म्हणाला. तशा जखमा मी पाहिलेल्या आहेत. ही तशी असू शकत होती. नसूही शकत होती. मी नोंदवहीत यंत्र लिहिलं. तो सारखं घड्याळ बघत होता. जाताना म्हणाला, “बीबी जी ने कहा था, आप बहुत डाँटेंगी.” मी रागावले नाही. तो परत कधी आला नाही. त्याने सांगितलेल्या गावात त्या नावाचा कोणी आहे का, हे मी आजवर कोणालाही विचारलेलं नाही.

पाच वाजता मी तुमच्या बागेत आले. तुम्ही मंजिष्ठेच्या वेलाला काठी बांधत होता. मी सगळं सांगितलं. तुम्ही काठी खाली ठेवलीत, आत गेलात आणि खणातला होता नव्हता तेवढा कोरा बटर पेपर आणून माझ्या हातात दिलात. मग स्वतःच्या हातावर पेन धरून दाखवलंत: दाबायचं नाही, कडा जिथे लाल संपते तिथून जायचं, माणसाला श्वास सोडायला सांगायचं आणि तेवढ्यात रेघ पुरी करायची.

मी विचारलं, “तो कोण होता?”

“दंडाला लागलेला माणूस. सकाळी आठला यायचा. माळी यायच्या आधी.”

“विचारलं नाहीत त्याला?”

“तू विचारतेस?”

आपलं ते भांडण तिथेच राहिलं. मला वाटतं तुमचं चुकलं. आठ वाजता, कोणी नसताना येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी माझ्याकडे पाठवायला हवं होतं. आणि मला हेही वाटतं की पहिल्या दिवशी तो माझ्याकडे आला असता तर मी दार लावून घेतलं असतं.

त्याऐवजी मी म्हटलं, “उद्यापासून माझ्याकडे यायचं नाही. कोणाला पाठवायचं नाही. घरीही नाही. आणि तो खणातला गठ्ठा जाळून टाका.”

“किती दिवस?”

“मी सांगेन तोवर.”

तुम्ही मान हलवलीत.

सोमवारपर्यंत मी तेवीस माणसांच्या जखमा उतरवल्या. बिछान्यावरच्या, बाहेरून येणाऱ्या, सगळ्यांच्या. विचारणाऱ्याला सांगितलं, वरून हुकूम आला आहे. आपल्याकडे वरून हुकूम आला म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. आकडे मी तुमच्यासारखे मराठीत काढले आणि सात गिरवायला मला फार वेळ लागला. माझा सात इंग्रजी झाला होता. हवालदार सोमवारी आला. एकेक कागद उजेडाकडे धरून पाहिला. एका भाजलेल्या म्हातारीचा कागद निवडला आणि म्हणाला, यांचा लावून दाखवा. मी लावला. बसला. “ठीक है जी,” तो म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. तुमचा कागद त्याच्या डायरीतच होता.

मग मला थांबता येईना. तो कोणत्याही दिवशी येईल आणि कागद मागेल. म्हणून मी रोज सगळ्यांच्या कडा उतरवत राहिले. भीतीने केलेलं ते काम, पण दोन महिन्यांत मला काही दिसायला लागलं. मी ज्या जखमा रोज स्पिरिटने खसखसून घासत होते त्यांचे चौकोन हलत नव्हते. ज्यांना मी कामाच्या गर्दीत नुसतं मिठाच्या पाण्याने धुऊन ओलसर पट्टी ठेवली होती, त्या भरत होत्या. पंचवीस वर्षांतली निदान वीस वर्षं मी माणसांच्या नव्या कातडीला घासून काढत होते. मी हात हलका केला. आमच्या डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. ते तुमचं होतं.

हे मी तुम्हाला मंडीत सांगितलं. शनिवारची मंडी ही आपली एकच जागा राहिली होती. एकाच गाडीच्या दोन बाजूंना उभं राहायचं, फ्लॉवर उलटसुलट करायचा आणि एकमेकींकडे न बघता मराठीत बोलायचं. भाजीवाल्याला वाटायचं आपण भावावरून कुजबुजतो आहोत, तो घाबरून मूठभर कोथिंबीर वर घालायचा. मी घासण्याचं सांगितल्यावर तुम्ही फ्लॉवरला म्हणालात, “उंदरांनी हेच सांगितलं होतं. पण त्यांचं कोण ऐकतंय.” पुढच्या खेपेला मला मधाचं सांगितलंत, भाजलेल्यावर मध. त्याच्या पुढच्या खेपेला जाईचा पाला आणि कडुनिंब तिळाच्या तेलात कढवायचं सांगितलंत, चिघळलेल्यासाठी. मध मी वापरला. तेलाला डॉक्टर नाही म्हणाले.

आणि निघताना तुम्ही दर वेळी एकच शब्द विचारायच्या. “अजून?”

मी म्हणायचे, “अजून.”

ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी मंडीच्या तोंडाशी दोन पोलीस उभे होते, म्हणून आपण फार बोललो नाही. तुम्ही मेथी घेतलीत. तुमच्या पायांत चपला आणि आत तपकिरी लोकरी मोजे होते. ते मी पाहिले आणि मनात म्हटलं, ताईंना यंदा थंडी लवकर वाजते आहे. जिचा जन्म पाय बघण्यात गेला त्या बाईला एवढंच सुचलं. तुम्ही विचारलंत, “अजून?” मी म्हटलं, “अजून.” तुम्ही पिशवी उचलून गेलात. तुम्ही लंगडत होता का, ते मला आठवत नाही. आठवायचा फार प्रयत्न केला.

दहा दिवसांनी तुमच्या घरमालकिणीचा वॉर्डात फोन आला. तुम्हाला दुसऱ्या रुग्णालयात ठेवून दोन दिवस झाले होते. मी गेले. चादर उचलली आणि परत टाकली. पायाचं सडणं गुडघ्याच्या वर चढलं होतं. मला वासावरूनच कळलं होतं, चादर उचलायची गरज नव्हती. तुम्ही डोळे उघडलेत आणि मला पाहून घाबरलात. मला पाहून लोक घाबरतात, पण तुम्ही कधी घाबरला नव्हता.

“तू कशाला आलीस इथं? कोण बघंल की.”

मी म्हटलं, कोणी बघत नाही. तुम्ही “बरं” म्हणालात आणि झोपलात. मी हात धरून बसले होते आणि एक गोष्ट सांगायला तोंड उघडत होते, मिटत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

पाटणहून तुमचे भाऊ आले. खोली आवरायला त्यांनी मला बोलावलं. जुना गठ्ठा तुम्ही जाळला होतात, माझं ऐकून. पण गादीखाली अकरा नवे कागद होते. पाय आहे हे मला आकारावरून कळलं, अंगठ्याखालचा उंचवटा. दिवस १, चौकोन ४८. बाजूला बारीक अक्षरात: बूट चावला. पाला लावला नाही. पाय आणि साखर, नियमात नाही. दिवस ३, चौकोन ४८. दिवस ५, चौकोन ७१, आणि खाली माझं नाव, “निर्मलाला दाखवणे”, लिहून खोडलेलं. दिवस ८, चौकोन १३०. “शनिवारी विचारणे.” दिवस ९ ला शनिवार होता. त्या दिवशीच्या कागदावर चौकोन १६६ एवढंच आहे.

तुम्ही आकडा एकदाही कमी लिहिला नाहीत. उकळलेलं पाणी आणि धुतलेलं फडकं, याशिवाय काही केलं नाहीत. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे का गेला नाहीत, म्हणून मी तुमच्यावर त्या खोलीत मोठ्याने ओरडले. तुमचे भाऊ बाहेर होते, ते आत डोकावले. मला वाटतं तुम्हाला भीती होती की दुसरीकडे गेलात तर पाय कापतील. मी कापू दिला नसता, असं तुम्हाला वाटत होतं. खरं म्हणजे नवव्या दिवशी कापायची वेळ आली नव्हती. १६६ चौकोनांचे पाय मी भरून काढलेले आहेत. तुमच्याच पद्धतीने मोजून.

आता ते सांगते, जे तुमचा हात धरून सांगता आलं नाही.

एप्रिलमध्ये तो हवालदार माझ्याकडे आला होता. एकटा, साध्या कपड्यांत. मानेवर गळू झालं होतं. मी ते फोडलं, धुतलं, पट्टी लावली. मग त्याने डायरी काढली आणि तुमचा कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, सिस्टर जी, माझी बदली झाली आहे, तुमचा कागद माझ्याकडेच राहिला होता. कोणाला दाखवला नाही. दाखवला असता तर मलाच दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी तुम्ही काहीतरी लपवताय हे मला कळलं होतं, पण आमच्या साहेबांच्या आधी मला माझं घर बघायचं असतं. तो हसला. मी कागद बेसिनमध्ये जाळला आणि राख वाहून जाईपर्यंत नळ सोडून ठेवला.

म्हणजे एप्रिलपासून काही नव्हतं. कागद नव्हता, माणूस नव्हता, हवालदारही नव्हता. त्याच आठवड्यात, शनिवारी मंडीत तुम्ही विचारलंत, “अजून?” आणि मी म्हटलं, “अजून.” तेव्हा मला वाटलं, हा सापळा असेल, एक महिना जाऊ द्यावा. मग मे गेला, जून गेला. नंतर मला सापळ्याचं भय उरलं नव्हतं, ताई. मला सवय झाली होती. तुमच्याकडून कोणी येत नव्हतं, कोणाची गोष्ट ऐकून घ्यावी लागत नव्हती, फाटकात कोणाच्या खिशात काय निघेल याचा घोर नव्हता. दार लावलेलं मला सोयीचं वाटत होतं. सात महिने मी तुम्हाला खोटं सांगितलं ते तुमच्या काळजीपोटी नव्हे. मी सुटले होते आणि मला परत अडकायचं नव्हतं.

तुम्ही मला माफ केलं असतं का, हे विचारत नाही. तुम्ही “बरं” म्हणाला असतात. ते मला नको आहे.

परवा तुमच्या कुंड्या उचलायला हरिराम आला. एक हात सारखा पाठीमागे लपवत होता. मी दाखव म्हटलं तरी दाखवेना. मग म्हणाला, बाईजींनी सांगून ठेवलं आहे, सिस्टरकडे जायचं नाही, त्यांना त्रास होतो. आणि विचारलं, “अब बाईजी नहीं हैं, तो किसके पास जाएँ?” तळहात फाटला होता, चार दिवसांचा, कडा सुजलेल्या. मी त्याला सांगितलं, उद्या सकाळी नऊला ये. मागच्या दाराने नको. पुढच्या फाटकाने ये आणि माझं नाव सांग.

तो आला. फाटकात पोलीस होतेच, या आठवड्यात पुन्हा वाढवले आहेत. मी व्हरांड्यात उभी राहून पाहत होते. त्यांनी त्याचे खिसे उलटे केले, टोपी काढून पाहिली, पट्टी बांधलेला हात वर करायला लावला. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. शिपाई तरुण होता, बंदूक खांद्यावर, त्याने तिथूनच मला हाक मारून विचारलं, “यह आपका आदमी है?”

हो म्हणायला मला वेळ लागला. पण म्हटलं, आणि मग पायऱ्या उतरून त्याला आणायला फाटकापर्यंत गेले.